बिल्ल्याला काय बांधावे?

जिओकॅशिंग या नावाने जगभर रुळलेल्या शोधखेळात उपग्रहांवरून मिळणारे अक्षांश-रेखांश हाती घेऊन कोणीतरी लपवून ठेवलेला डबा शोधायचा असतो आणि त्यातल्या वहीत नाव व तारीख नोंदवून तो होता तिथेच परत ठेवायचा असतो. नागरी वापराच्या जीपीएस संकेतांत हेतुपुरस्सर मिसळलेली चूक अमेरिकी सरकारने मे २००० च्या आरंभी काढून टाकली, आणि त्या महिन्याच्या ३ तारखेला डेव्ह अल्मर यांनी ओरेगन राज्यात पहिला डबा ठेवला. पुढच्याच वर्षी या खेळाला एक शाखा फुटली. ज्यावर इतर कोणत्याही बिल्ल्यावर नसलेली अक्षरे व आकडे कोरलेले असतात, असा धातूचा छोटा बिल्ला एखाद्या वस्तूला साखळीने जोडून डब्यात सोडायचा. ज्याला तो सापडेल त्याने बिल्ल्यावरचा संकेतांक संकेतस्थळावर नोंदवून वस्तू उचलायची आणि पुढच्या एखाद्या डब्यात नेऊन ठेवायची, अशी ही रीत आहे. अशा बिल्ल्याला ‘ट्रॅकेबल’ म्हणजे माग काढता येण्याजोगी वस्तू म्हणतात, आणि त्याचा सर्वांत परिचित प्रकार ‘ट्रॅव्हल बग’ हा आहे. वस्तूचा मालक घरी बसून नकाशावर तिचा प्रवास पाहू शकतो, पण तिला पुढे नेणारे हात मात्र सर्वस्वी अनोळखी लोकांचे असतात.

बिल्ला विकत मिळतो. त्याला बांधायची वस्तू मात्र प्रत्येकाने स्वतः निवडायची असते, आणि या निवडीकडे बहुधा फारसे लक्ष दिले जात नाही. हाताशी असलेली किल्ल्यांची साखळी, प्लास्टिकचे खेळणे किंवा पर्यटकांच्या दुकानातील चुंबक अडकवून बिल्ला रवाना केला जातो, आणि दुसऱ्या-तिसऱ्या डब्यानंतर त्याचा माग संपतो. पेठांमधील वस्तूंची दखल घेणाऱ्या या स्तंभाच्या दृष्टीने हा प्रश्न परका नाही, कारण लहान, टिकाऊ, स्वस्त आणि आपल्या गावाची खूण सांगणारी वस्तू कुठे मिळेल, याचे उत्तर पुणेकराला बुधवार पेठेत सापडते. मात्र त्या बाजारात ज्या वस्तूवर हात सर्वांत आधी जातो ती या कामासाठी योग्य नसते.

ती वस्तू म्हणजे गणपतीची छोटी मूर्ती. दगडूशेठ हलवाई गणपती आणि मानाच्या गणपतींपैकी तांबडी जोगेश्वरीचा व तुळशीबागेचा असे दोन गणपती ज्या पेठेत आहेत, तिथून परदेशी जाणाऱ्या वस्तूने गणरायाचेच रूप घ्यावे असे वाटणे स्वाभाविक आहे, आणि प्राणप्रतिष्ठा न झालेली पितळी मूर्ती शास्त्रार्थाने केवळ धातूच असते, हा युक्तिवादही खोडून काढता येत नाही. तरीही हे डबे कुठे असतात ते पाहिले पाहिजे. ते झाडाच्या ढोलीत, दगडांच्या कपारीत, पुलाच्या कठड्याखाली असतात, चिखलाने भरलेल्या हातांनी उघडले जातात, आणि पुष्कळदा त्यांत पाणी शिरून आतल्या वहीचा लगदा झालेला असतो. देव्हाऱ्यात पूजल्या जाणाऱ्या रूपाला अशा ठिकाणी महिनोन्‌महिने ठेवणे अनेकांना रुचणार नाही. दुसरे कारण त्याहून व्यावहारिक आहे: सुबक मूर्ती ज्याला सापडते त्याला ती आवडते, आणि चोरीचा हेतू मनात नसतानाही ती त्याच्या टेबलावर राहून जाते. डब्यातील इतर वस्तूंच्या बाबतीत एक घ्यावी आणि तोलामोलाची दुसरी ठेवावी असा या खेळाचा नियम आहे. बिल्ल्याची वस्तू त्याला अपवाद असून ती फक्त पुढे न्यायची असते, ही गोष्ट नवख्या खेळाडूला ठाऊक असतेच असे नाही. म्हणून जी वस्तू भेट म्हणून घ्यावीशी वाटते ती प्रवासाला निरुपयोगी ठरते.

पुण्याचा इतिहास सांगणारी म्हणून शिवराई, म्हणजे मराठी राज्यातील तांब्याचे नाणे, पाठवावे असा विचार इतिहासप्रेमी मंडळींच्या मनात येऊ शकतो. तो तिथेच थांबवणे इष्ट आहे, कारण १९७२ च्या पुरावशेषविषयक कायद्यानुसार शंभर वर्षे वा त्याहून जुने नाणे हा पुरावशेष ठरतो आणि खासगी व्यक्तीने तो देशाबाहेर पाठवणे गुन्हा आहे. शेजारच्या शुक्रवार पेठेत दिनकर केळकर यांच्या संग्रहालयातील अडकित्ते पाहून एखादा छोटा अडकित्ता बांधावा असेही वाटेल. पण पात्याचे कोणतेही हत्यार डब्यात ठेवायचे नाही हा खेळाचा सर्वमान्य दंडक आहे, आणि मुले हे डबे मोठ्या हौसेने उघडतात, हे लक्षात घेता तो योग्यच आहे. रुद्राक्ष, तुळशीचे मणी, सुपारी या वस्तूंची अडचण वेगळ्या प्रकारची आहे. बिया आणि प्रक्रिया न केलेले लाकूड यांतून कीड व रोग शिरू नयेत म्हणून ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड हे देश अशा वस्तूंची सीमेवर कसून तपासणी करतात, आणि तिथे विमानतळावर सामान उघडावे लागलेला प्रवासी दुसऱ्याची वस्तू न्यायला पुन्हा सहसा राजी होत नाही. चंदन आणि उदबत्ती तर नकोच, कारण वासाने रानातील प्राणी डब्याकडे येतात आणि तो फोडतात.

पासोड्या विठोबाच्या परिसरातील इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या बाजाराविषयी स्वतंत्रपणे सांगणे आवश्यक आहे. एखादे जुने सर्किट बोर्ड किंवा रंगीत वायरींची गुंडी ही बुधवार पेठेची अगदी खरी खूण असली, तरी वायर जोडलेली अनोळखी वस्तू बंद डब्यात सापडणे म्हणजे काय, हे या पेठेला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. १० जुलै २०१४ रोजी फरासखाना पोलीस ठाण्याच्या वाहनतळावर, दगडूशेठ गणपतीच्या मंदिरापासून हाकेच्या अंतरावर, दुचाकीत ठेवलेल्या स्फोटकांचा स्फोट झाला होता. त्यानंतर या भागात बेवारस डबा दिसल्यावर दुकानदाराने पोलिसांना बोलावणे हे त्याचे कर्तव्यच आहे, आणि त्या डब्यात केवळ खेळण्याची वस्तू होती असे नंतर कळल्याने दरम्यान झालेली धावपळ आणि भीती भरून निघत नाही. त्यामुळे वस्तू बुधवार पेठेतून घ्यावी, पण डबा बुधवार पेठेत लपवू नये, असे या स्तंभाचे ठाम मत आहे. जागेच्या मालकाची परवानगी हवी, हा खेळाचा नियम गर्दीच्या बाजारपेठेत कागदावर पाळूनही भागत नाही, कारण तिथे परवानगी देणारा एक असतो आणि घाबरणारे शेकडो असतात.

मग बांधावे काय? नारो अप्पाजी खिरे यांनी १७६१ साली ज्याचे काम सुरू केले त्या राममंदिराच्या भोवती तुळशीबागेचा बाजार वाढला, आणि पूजेची उपकरणी व बांगड्यांबरोबर भातुकली, म्हणजे संसारातील भांड्यांच्या मुलींनी खेळायच्या लहान प्रतिकृती, ही या बाजाराची ओळख झाली. भातुकलीचे मोल असे की तिच्यातील प्रत्येक भांडे हे खऱ्या भांड्याचे नेमके लहान रूप असते. बंबाला तोटी असते, घंगाळाला दोन कड्या असतात, पाट्याबरोबर वरवंटा असतो. यांपैकी घंगाळ कड्यांमुळे बांधायला सोयीचे, पण ते पसरट असल्याने डब्यात जागा अडवते. तांब्या आणि कळशी गोल असल्यामुळे लहान डब्यांत मावत नाहीत, आणि जगातील पुष्कळ डबे जुन्या कॅमेऱ्याच्या फिल्मच्या डबीएवढेच असतात, त्यात तर या खेळातील बहुतेक वस्तू जातच नाहीत. खलबत्ता जड, आणि त्याचे दोन भाग वेगळे होऊन एक हरवणार हे ठरलेले. या सर्वांत पितळी झारा ही प्रस्तुत लेखकाच्या मते सर्वांत योग्य वस्तू होय.

झारा चपटा असतो, त्यामुळे मध्यम आकाराच्या डब्याच्या कडेला तो सहज उभा राहतो. त्याला मुळातच छिद्रे असतात, म्हणून साखळी ओवण्यासाठी वेगळे भोक पाडावे लागत नाही आणि वस्तू बिल्ल्यापासून सुटण्याचा धोका उरत नाही. तो स्वस्त असल्याने ठेवून घेण्याचा मोह कमी होतो. पण खरे कारण यांपलीकडचे आहे. बिल्ल्याच्या वस्तूला मालकाने प्रवासाचा एक हेतू नेमून द्यायचा असतो, उदाहरणार्थ अमुक देशापर्यंत पोहोचणे किंवा समुद्रकिनारे पाहणे, आणि हे हेतू बहुधा विफल होतात, कारण वस्तू सापडलेला माणूस स्वतःच्या वाटेने चाललेला असतो, आणि मालकाच्या इच्छेसाठी तो वाट वाकडी करत नाही. झाऱ्याचा हेतू असा ठरवता येतो की तो ज्याच्या हाती पडेल त्याने आपल्या गावातील एखाद्या तळलेल्या पदार्थाशेजारी ठेवून त्याचे छायाचित्र काढावे. तळण जवळजवळ सर्वत्र आहे: जपानात तेम्पुरा, स्पेनमध्ये चुरोस, तमिळनाडूत मुरुक्कू, आणि पुण्यात दिवाळीची चकली. त्यासाठी कोणालाही कुठे मुद्दाम जावे लागत नाही, भाषेची अडचण येत नाही, आणि कढईतून काही बाहेर काढायचे हे साधन आहे हे पाहताच समजते. आपले काम काय हे ज्या वस्तूकडे पाहूनच कळते, तिच्यासोबतची सूचनेची चिठ्ठी हरवली तरी तिचा प्रवास थांबत नाही.

या विचाराला या खेळातील सर्वांत दूर पोहोचलेल्या बिल्ल्याचाही आधार आहे. १८ फेब्रुवारी २०२१ रोजी मंगळावर उतरलेल्या पर्सिव्हिअरन्स या यानावर शेरलॉक नावाचे उपकरण आहे, आणि त्याच्या मोजमापाची अचूकता पडताळण्यासाठी बसवलेल्या नमुन्यांपैकी एकावर ट्रॅकेबलचा संकेतांक कोरलेला आहे. ती चकती पॉलिकार्बोनेटची, म्हणजे अंतराळवीराच्या शिरस्त्राणाच्या दर्शनी काचेला वापरतात त्या टणक प्लास्टिकची आहे, आणि मंगळावरील वातावरणात ते द्रव्य कसे टिकते हे पाहणे हे तिचे मूळ काम आहे. शोभेची वस्तू म्हणून तिला जागा मिळाली नसती.

धातूच्या निवडीबाबत एक तांत्रिक काळजी घ्यावी लागते. बिल्ला अॅल्युमिनियमचा असेल आणि झारा पितळेचा, म्हणजे तांबे व जस्त यांच्या मिश्रधातूचा, तर ओलसर डब्यात दोन्ही एकमेकांना चिकटून राहिल्यास त्यांच्यात सूक्ष्म विद्युतप्रवाह सुरू होतो आणि अॅल्युमिनियम झिजू लागते. या क्रियेला गॅल्व्हानिक गंज म्हणतात. त्यात बिल्ल्यावरचे कोरीव आकडे पुसट होऊ शकतात, आणि संकेतांक वाचता न आल्यास पुढचा सर्व प्रवास नोंदीविना राहतो. म्हणून दोहोंमध्ये स्टेनलेस स्टीलची साखळी असण्यापेक्षा नायलॉनची जाड दोरी असावी, आणि ती पुरेशी लांब असावी. पितळ काळवंडेल हे खरे; ते काळवंडू द्यावे, कारण चिंचेने घासलेल्या झगझगीत झाऱ्यापेक्षा वापरलेला दिसणारा झारा कमी लोकांच्या मनात भरतो.

ज्यांना भातुकलीपेक्षा पेठेचा इतिहास पाठवायचा असेल त्यांच्यासाठी दुसरा पर्याय पाटीचा आहे. भिडे वाड्यात १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा सुरू केली, आणि तो वाडा याच पेठेत होता. पत्र्याची किंवा प्लास्टिकची तळहाताएवढी पाटी बिल्ल्याला बांधून, ती ज्या गावी जाईल तिथल्या मुलींच्या सर्वांत जुन्या शाळेच्या इमारतीसमोर तिचे छायाचित्र काढावे, असा हेतू देता येईल; मुलांची छायाचित्रे काढू नयेत हे मात्र त्यात स्पष्टपणे लिहावे. खऱ्या दगडी पाटीचा मोह टाळावा, ती पहिल्याच बॅगेत फुटते.

झारा सोडण्याचा सोयीचा मार्ग म्हणजे परदेशी मुलांकडे जाणाऱ्या आई-वडिलांच्या सामानातून तो पाठवणे आणि तिथल्या उद्यानातील परवानगीच्या डब्यात ठेवणे. बिल्ला घेताना त्याची दुसरी प्रत मिळते, ती मालकाने घरी जपायची असते. पहिला झारा हरवला तर त्याच संकेतांकाची ती प्रत नव्या वस्तूला बांधून प्रवास पुन्हा सुरू करता येतो. म्हणून तुळशीबागेत जाणाऱ्याने एकाच आकाराचे दोन झारे एकदमच घ्यावेत, आणि संकेतांक दिसेल असे छायाचित्र कुठेही प्रसिद्ध करू नये, कारण तो वाचणारा कोणीही वस्तू हाती नसताना ती सापडल्याची खोटी नोंद करू शकतो.