पॉइंट किती आहेत हो तुमच्याकडे?

परवा सावंतवाडीत मोती तलावाजवळ एका कुटुंबाने गाडी थांबवून मला विचारलं, "इथे पॉइंट किती आहेत?" मालवणात दोन दिवस झाले होते. स्कूबा झालं, किल्ला झाला, सुरमई थाळी झाली. संध्याकाळी गोव्यात पोचायचं होतं आणि हाताशी एक तास होता. मी त्यांना चितारआळीत पाठवलं. अर्ध्या तासाने परत दिसले, तेव्हा पोराच्या हातात प्लास्टिकची बंदूक होती.

त्या माणसावर मला राग आला नाही. त्याला जे दाखवलं गेलं ते त्याने बघितलं. राग आपल्यावर आहे, म्हणून हे लिहितोय.

1997 साली सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. त्या वर्षी जन्मलेली पोरं आता मुंबई-पुण्याला नोकऱ्या करतात आणि गणपतीला गावी येतात. कोकण रेल्वे आली, 2021 मध्ये चिपीला विमानही उतरलं. फलक तर नाक्यानाक्यावर आहेत. प्रत्येक फलकावर एक किनारा, एक धबधबा आणि कोपऱ्यात लाकडी आंबा. तीन वेगळी चित्रं, जणू तीन वेगळे पॉइंट. माझं भांडण नेमकं इथेच आहे. ही तीन चित्रं मुळात एकच गोष्ट आहे आणि आपण तिचे तुकडे करून विकतोय.

लाकडी आंब्यापासून सुरू करू. सावंतवाडीची खेळणी ज्या झाडांपासून होत आली, त्यात पांगारा मुख्य. हलकं, मऊ लाकूड, हत्याराला लगेच वळतं. आपल्याकडे कुंपणाला लावायचे, त्याच्यावर मिरीचा वेल चढवायचे. म्हणजे कारागिराचा कच्चा माल शेतकऱ्याच्या बांधावर उभा असायचा. चितारआळीतल्या एका म्हाताऱ्या कारागिराला मी मध्यंतरी विचारलं, धंदा कसा आहे? म्हणाला, "गिऱ्हाईक गावता रे, लाकूड गावना नाय. करतलंव काय?" ज्या बांधावर पांगारा होता, ती जमीन विकली गेली. डोंगर साफ करून एकाच जातीची लागवड झाली, नाहीतर 'सी-व्ह्यू'चे प्लॉट पडले. मग दुकानात बाहेरचा माल येणारच. दुकानदाराला शिव्या घालून उपयोग नाही, त्यालाही पोट आहे.

आता जंगल. आंबोली ते दोडामार्ग हा पट्टा राधानगरीचं जंगल गोवा-कर्नाटकाच्या जंगलांशी जोडतो. हत्ती, वाघ याच वाटेने येतात-जातात. दोडामार्गात झाडं तोडायला बंदी घालावी लागली ती 2013 मध्ये, आणि तीही मुंबई उच्च न्यायालयाला. 2020 मध्ये तिलारीला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला, 2021 मध्ये आंबोलीत हिरण्यकेशीच्या उगमाजवळची जागा एका छोट्या माशासाठी जैवविविधता वारसा स्थळ ठरली. चांगलंच झालं. पण त्याच आंबोलीत पावसाळ्यातल्या रविवारी मुख्य धबधब्याजवळ उभं राहून बघा. बाटल्या, कणसांची बुरकुंडं, गाड्यांचे कर्णे आणि रस्त्यावरच नाच. हा आपला जंगल पॉइंट!

आणि किनारा? कर्ली नदी सह्याद्रीतून उतरते आणि देवबागजवळ समुद्राला मिळते. वर डोंगर बोडका झाला की माती खाली येते, खाडी भरते, मासा हलतो. वर झाड तोडणाऱ्याचं आणि खाली रापण ओढणाऱ्याचं नातं आहे, दोघांना ते ठाऊक नसेल एवढंच. देवबागच्या माणसाला विचारा, दर पावसाळ्यात समुद्र घराच्या किती जवळ येतो ते. त्याच चिंचोळ्या पट्टीवर आपण अजून खोल्या बांधतोय.

लगेच कोणीतरी म्हणेल, पत्रकार विकासाच्या आड येतोय. अहो, पर्यटनावर माझ्या गावाची चूल पेटते हे मला कळतं. न्याहारी-निवास चालवणाऱ्या बायकांनी त्या पैशावर पोरं शिकवलेली मी बघितली आहेत. त्यांच्याबद्दल एक शब्द वाकडा नाही. माझा प्रश्न इतकाच आहे, की पर्यटकाने ठेवलेल्या शंभर रुपयांतले किती चिताऱ्याकडे, रापणकाराकडे, बांधावर झाड राखणाऱ्याकडे पोचतात? हे मोजायची इच्छा कोणाला आहे?

इच्छेचा पुरावा हवा असेल तर कुठल्याही सरकारी सत्काराला या. वीस वर्षं बातम्या करतोय. शाल, श्रीफळ आणि सन्मानचिन्ह. सन्मानचिन्ह कशाचं? ॲक्रिलिकचं! ज्या जिल्ह्यात दशावतारी गंजिफा हाताने रंगवतात, दहा अवतार, एकशेवीस गोल पानं, तिथे पाहुण्याच्या हातात बाहेरून आणलेला चकचकीत तुकडा. ही गंजिफा मरणपंथाला लागली होती. शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी सत्तरच्या दशकात ती पुन्हा उभी केली. पिंगुळीत ठाकर समाजाची चित्रकथी आहे, तिच्यासाठी परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री जाहीर झाली. तेव्हा सगळ्यांनी स्टेटस ठेवले. त्यानंतर पाहुण्यांना घेऊन पिंगुळीला कितीजण गेलो? हात वर करा. माझाही अर्धाच वर येईल.

म्हणून मागण्या साध्या आहेत. सरकारी कार्यक्रमांत भेटवस्तू जिल्ह्यातल्या कारागिराचीच, हा नियम करा. पंचायतींनी पड जमिनीत आणि रस्त्याकडेला पांगारा लावावा, त्याचं लाकूड परवान्यासाठी हेलपाटे न घालता कारागिराला मिळावं. देवबागसारख्या ठिकाणी किती खोल्या पुरे, हे ग्रामसभेने एकदा ठरवावं.

येणाऱ्यांना एवढंच सांगणं, एक रात्र जास्त राहा. स्कूबा करा, जरूर करा. पण एक सकाळ चितारआळीत बसून लाखेचा रंग लाकडावर कसा चढतो ते बघा, एक दुपार पिंगुळीत काढा, आणि नशिबात असेल तर जत्रेत रात्रभर दशावतार बघा. खेळणं घेताना विचारा, हे कोणी केलं? उत्तर मिळालं नाही तर घेऊ नका.

आणि गाववाल्यांनो, सातबारा सही करायच्या आधी एकदा बांधावर जाऊन या. पांगारा उभा असेल तर त्याला विचारा. तो काही बोलणार नाही. पण ती जमीन गेली, की तुमचा नातू सुट्टीत स्वतःच्याच गावात येऊन कोणालातरी विचारेल, "इथे पॉइंट किती आहेत?"