गॅदरिंगला 'जाई' का नको?

आपल्या गॅदरिंगच्या एकांकिकेचा शेवट पहिल्या पाच मिनिटांतच कळतो. कुणीतरी मरणार, निळा लाईट पडणार आणि बासरी वाजणार! गंभीर विषयाला माझा विरोध नाही. पण समोर कोण बसलंय ते तरी बघा. पुढं सर-मॅडम आणि त्यांची मुलं, मागं मेसच्या मावशी, वॉचमन काका, गावाकडून आलेले आई-वडील. या सगळ्यांनी मिळून बघावं असं आपण काय करतो? काहीच नाही. म्हणून यंदा 'ॲलिस इन वंडरलँड' करावं, असं माझं स्पष्ट मत आहे. भा. रा. भागवतांनी तिला 'जाईची नवलकहाणी'मधून मराठीत आणलेलंच आहे.

"बालनाट्य? आम्ही काय केजीत आहोत?" असं काहीजण म्हणतीलच. त्यांच्यासाठी सांगतो, ॲलिसचा लेखक लुईस कॅरोल ऑक्सफर्डला गणित शिकवायचा. पुस्तक आलं १८६५ साली आणि १८८६ मध्ये लंडनला त्याचं संगीत नाटकही झालं. आपल्याकडे सुधा करमरकरांनी १९५९ मध्ये रत्नाकर मतकरींचं 'मधुमंजिरी' रंगमंचावर आणलं. मतकरींच्याच 'अलबत्या गलबत्या'त दिलीप प्रभावळकरांसारख्या नटानं चेटकीण रंगवली. २०१८ मध्ये ते नाटक पुन्हा आलं, तेव्हा ती वैभव मांगलेंनी केली. हा पोरखेळ असता तर असे नट कशाला उभे राहिले असते?

राहिला प्रश्न जाई लहान-मोठी कशी होणार याचा. अहो, आपण इंजिनिअर ना? कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर कलावंत चामड्याच्या बाहुल्यांची सावली पडद्यावर नाचवतात. तोच धागा धरू. पडद्यामागं १२ फुटांवर, जमिनीलगत एक दिवा ठेवा. ५ फुटी मुलगी दिव्यापासून ६ फुटांवर उभी राहिली, की सावली १० फूट! आणखी दोन पावलं दिव्याकडे सरकली, की १५ फूट! दहावीचे समरूप त्रिकोण, दुसरं काय? बल्ब जितका बारीक तितकी सावली रेखीव. पण सावली मुलीपेक्षा लहान कधीच होत नाही. म्हणून जाई लहान होताना खुर्ची आणि कपच मोठे करायचे. ते काम वर्कशॉपवाल्यांचं. दिवा मात्र एलईडीच हवा, कापडाजवळ उघडी ज्योत नको.

आगीचं दुःख कोल्हापूरला नव्यानं सांगायला नको. शाहू महाराजांच्या काळात, १९१५ मध्ये उभं राहिलेलं केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं आणि गाव हळहळलं. मला वाटतं, ती हळहळ नुसत्या इमारतीसाठी नव्हती, घरच्यांना घेऊन नाटकाला जायच्या सवयीसाठीही होती. इमारत सरकार बांधू शकतं. सवय मात्र आपल्यालाच लावावी लागते, आणि ती लहानपणीच लागते.

तेव्हा सांस्कृतिक सचिवांनी मनावर घ्यावं. भागवतांचं रूपांतर घ्यायचं तर रीतसर परवानगी काढू, नाहीतर मूळ इंग्रजीवरून आपणच लिहू. तिथं हक्काची अडचण नाही. मावशींच्या नातवंडांना पहिल्या रांगेत बसवा. ती हसली, तर आपलं नाटक पास!