परत फिरायची वेळ आधी ठरवा

"ताई, तू फक्त ये. सगळं ठरलंय," असं धाकट्या बहिणीने फोनवर सांगितलं, तेव्हाच माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. आपल्या घरांमध्ये "सगळं ठरलंय" याचा अर्थ गाडी ठरली, मुक्काम ठरला, असा असतो. कोणाला किती चालवतं, हे बहुधा कोणी कोणाला विचारलेलंच नसतं!

बहीण कॅलिफोर्नियात राहते. सॅन फ्रान्सिस्कोहून उत्तरेला सहा-सात तासांच्या अंतरावर प्रेअरी क्रीक रेडवुड्स नावाचं राखीव जंगल आहे. तिथे समुद्राला लागूनच 'फर्न कॅनियन' नावाची अरुंद घळ आहे. दोन्ही बाजूंना सुमारे पन्नास फूट उंच सरळ भिंती, त्यांच्यावर वरपासून खालपर्यंत नेच्यांची हिरवी झालर आणि तळातून वाहणारा ओढा. 1997 साली आलेल्या 'द लॉस्ट वर्ल्ड' या डायनासोरच्या सिनेमातलं काही चित्रण इथलंच. मेहुण्यांनी हौसेने दिवसभराचा पायी फेरा आखला होता. जेम्स आयर्विन नावाच्या वाटेने रेडवुडच्या झाडांतून घळीपर्यंत उतरायचं, मग किनाऱ्याने चालायचं आणि मायनर्स रिज या डोंगरधारेवरच्या वाटेने परत यायचं. एकूण साधारण 12 मैल, म्हणजे 19 किलोमीटर.

तयारीत त्यांनी काही कमी ठेवली नव्हती, हे कबूल करायला हवं. उन्हाळी हंगामात, 15 मे ते 15 सप्टेंबर, घळीजवळ गाडी न्यायची तर आधी परवाना काढावा लागतो. ही पद्धत 2022 पासूनची. आम्ही तो काळ टाळला होता आणि चालतच जाणार होतो. ओढ्यावरच्या फळ्या उन्हाळ्यापुरत्याच टाकतात, म्हणून जादा मोजे घेतले. किनाऱ्यावर एल्क जातीची दांडगी हरणं फिरतात, त्यांच्यापासून लांब राहायचं आणि समुद्राकडे पाठ करायची नाही, अचानक मोठी लाट येते, हेही त्यांनी सगळ्यांना बजावलं. फोनला रेंज मिळणार नाही म्हणून कागदाचा नकाशा घेतला. दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि दिवसभराचं पाणी आम्ही बहिणींनी भरलं.

आदल्या रात्री बॅगा भरताना बहिणीच्या बॅगेत कपड्यांखाली लपवलेली नी-कॅप दिसली.

"हे काय गं?"

"अगं, जरासा दुखतो गुडघा. यांना सांगू नकोस. इतक्या हौसेने ठरवलंय, उगाच सगळ्यांचा विरस नको."

मैत्रिणींनो, हे वाक्य आपण प्रत्येकीने कधी ना कधी म्हटलेलं आहे. मीही म्हटलं आहे. पण फेऱ्याच्या वाटेवर हे वाक्य धोक्याचं असतं. आल्या वाटेने परतायचं असेल तर माणूस कुठूनही मागे फिरू शकतो. फेऱ्याचं तसं नसतं. अर्धी वाट ओलांडली की पुढे जाणं आणि मागे फिरणं सारखंच लांब पडतं. तिथे गुडघ्याने असहकार पुकारला तर मदत मागायला फोन नाही, रिक्षा नाही आणि दाट झाडीत अंधारही लवकर पडतो.

जेवताना मी विषय काढला. बहिणीचं नाव न घेता एवढंच म्हटलं, "दुपारी बारापर्यंत घळीशी पोचलो तर फेरा पूर्ण करू. नाही पोचलो तर घळ बघून आल्या वाटेने परत." मेहुणे थोडे नाराज झाले. भाचा म्हणाला, "मावशी, एवढ्या लांब येऊन अर्धवट?" मी म्हटलं, "अरे, घळ बघणार आहोत की! अर्धवट कसलं?"

दुसऱ्या दिवशी साडेआठला चालायला लागलो. आपल्या पंचवीस-तीस मजली इमारतीएवढी उंच झाडं, धुकं, पायाखाली मऊ माती. सगळेच थांबत थांबत चाललो. बहीण मागे पडत गेली. घळीशी पोचलो तेव्हा एक वाजला होता. मनगटावरचं घड्याळ सगळ्यांनी पाहिलं, कोणी काही बोललं नाही. तासभर त्या ओल्या हिरव्या भिंतींमध्ये, गार पाण्यात पाय बुडवून फिरलो, दशम्या खाल्ल्या आणि मेहुणे आपणहून म्हणाले, "चला, परत." निर्णय आदल्या रात्रीच झालेला होता, त्यामुळे तिथे वाद झाला नाही. कोणामुळे फेरा राहिला, हाही प्रश्न निघाला नाही.

आपल्याकडे पावसाळी सहलींच्या दुर्घटना वाचल्या की मला ती रात्र आठवते. 2024 च्या जूनअखेरीस लोणावळ्याला भुशी धरणाजवळच्या धबधब्यात पुण्याच्या एका कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. त्यांचं काय चुकलं हे घरी बसून सांगण्याचा अधिकार मला नाही. पण डोंगरात पाऊस वर कुठेतरी पडतो आणि लोंढा खाली येतो. आपल्या डोक्यावर ऊन असलं तरी पाणी चढू शकतं. अशा वेळी निघायचं की थांबायचं याची चर्चा पाण्यात उभं राहून करता येत नाही. ती घरीच व्हायला हवी.

आणि ती चर्चा करण्यात आपण बायका मागे का राहतो? डबे, औषधं, स्वेटर, मुलांचे जादा कपडे, सगळ्याचा हिशेब आपल्याला तोंडपाठ असतो. त्या हिशेबात फक्त आपण स्वतः नसतो. आमच्या बचत गटाच्या बायकांना घेऊन कर्नाळ्याला गेलो होतो. काही जणींनी सकाळपासून पाणीच प्यायलं नव्हतं. कारण विचारलं तर, "वाटेत सोय नसली तर?" भर चढावर एकीला चक्कर आली तेव्हा हे कळलं. स्वच्छतागृह कुठे आहे, हे आम्ही कोणीच आधी विचारलं नव्हतं. दोष माझाही होता.

तेव्हापासून सहल ठरवताना मी चार प्रश्न सगळ्यांसमोर विचारते. सगळ्यात हळू कोण चालणार? सोय कुठे कुठे आहे? किती वाजता परत फिरायचं? आणि कोणाचं काही दुखतंय का? शेवटच्या प्रश्नाला आधी शांतता असते. मग मी माझ्या टाचेचं दुखणं सांगते आणि हळूहळू एकेक जण बोलायला लागते. कोणाची पाळी, कोणाचा रक्तदाब, कोणाचं नुकतंच झालेलं ऑपरेशन. वेळापत्रक त्यावर ठरतं. यात सहलीची मजा कमी होत नाही. उलट घरी आल्यावर पुन्हा कधी जायचं, असं विचारणाऱ्या वाढतात.

परतीच्या वाटेवर बहिणीने नी-कॅप उघडपणे चढवली. मेहुण्यांनी काही न बोलता तिची बॅग आपल्या खांद्यावर घेतली. "आधी का नाही सांगितलंस?" एवढंच ते म्हणाले. ती माझ्याकडे बघून हसली. पण त्या प्रश्नाचं उत्तर तिच्याजवळही नव्हतं.