आम्ही तिला डावखुरी म्हणालो

पक्षाघात म्हटला की खाटेवर पडलेले म्हातारे माणूस डोळ्यांसमोर येते. तान्ह्या बाळालाही तो होतो, असे कुणी सांगितले असते तर मी हसण्यावारी नेले असते. पण सर्वसाधारणपणे २,५०० ते ५,००० जन्मांमागे एका बाळाच्या मेंदूची रक्तवाहिनी जन्माच्या सुमारास बंद पडते.

माझी भाची त्यांतलीच. तिसऱ्या दिवशी तिचा उजवा हात राहून राहून झटके देई. "दचकते पोर," घरची मंडळी म्हणाली. सहाव्या महिन्यात ती खुळखुळा डाव्याच हाताने धरी. उजवी मूठ मिटलेली. "आज्यावर गेली, डावखुरी!" आजी कौतुकाने म्हणाली. सगळे हसले. कॉलेजात जाणारा मीही हसलो. निदान झाले तेव्हा पोर सव्वा वर्षाची होती.

मग मी वाचत गेलो. एम.आर.आय.मध्ये क्ष-किरण नसतात. बाळाला पाजून, दुपट्यात गुंडाळून झोपेतही तपासता येते. मेंदूतील पाण्याच्या रेणूंची हालचाल कोठे मंदावली, यावरून पहिल्या काही दिवसांत इजेची जागा कळते. पुढे ही खूण पुसट होते. स्पेक्ट्रोस्कोपी या पद्धतीने त्याच यंत्रावर मेंदूतील रसायनेही मोजतात. प्राणवायू तुटला की लॅक्टेट साचते. चेतापेशी मेल्या की एन-ॲसिटिल ॲस्पार्टेट घटते. सुई न टोचता मेंदूच्या चयापचयाचा असा माग काढता येतो!

असली महागडी यंत्रे गरिबाच्या काय कामाची, असे काहीजण विचारतात. मला हे पटत नाही. मेलेल्या पेशी यंत्र परत आणत नाही, हे खरे. पण वेळीच कळले तर झटक्यांवर उपचार होतात आणि मेंदू कोवळा असतानाच हाताचे व्यायाम सुरू करता येतात. मात्र यंत्र पाळण्यापाशी चालत येत नाही. हात हलकेच धरला की साधी थरथर थांबते, झटका थांबत नाही. आणि वर्षाच्या आत बाळ एकच हात वापरू लागले तर ते कौतुक नव्हे, डॉक्टरांना दाखवण्याची खूण आहे. एवढे प्रत्येक घरात, साध्या मराठीत पोचले पाहिजे.

हे काम शास्त्र शाखेवरच का सोडावे? भाषा तर आपण कला शाखेचे विद्यार्थी शिकतो. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. परवा आजीने विचारले, "एवढं शिकतोस, तुला तरी कसं कळलं नाही रे?"

तिला उत्तर देता आले नाही, म्हणून हे लिहिले.