निकालाची किंमत कोणाच्या माथी?

सर्वोच्च न्यायालयाचा एखादा निर्णय सत्ताधाऱ्यांना झोंबला की न्यायमूर्तींना लक्ष्मणरेषेचे स्मरण करून दिले जाते. आणि न्यायालयाने हस्तक्षेप नाकारला की विरोधी पक्ष न्यायसंस्था कचखाऊ झाल्याची ओरड करतात. बाके बदलली की भूमिकाही बदलतात. (कथेतील ती रेषा कुटीतील सीतेच्या रक्षणासाठी होती, लक्ष्मणाच्या सोयीसाठी नव्हे, याचा मात्र सर्वांनाच विसर पडतो.) सक्रियता आणि संयम हे जणू न्यायाधीशांच्या स्वभावाचे दोन प्रकार आहेत, अशा थाटात हा वाद वर्षानुवर्षे चालत आला आहे. वस्तुतः प्रत्येक निकालाला किंमत असते, हस्तक्षेप नाकारणाऱ्या निकालालाही असते, आणि ती कोणाच्या माथी पडते हे पाहिल्यावाचून कोणतीही एक बाजू घेणे व्यर्थ होय.

मुंबईच्या पदपथवासीयांचा खटला या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगा आहे. १९८१ च्या जुलैमध्ये, ऐन पावसाळ्यात, तत्कालीन मुख्यमंत्री बॅ. अंतुले यांनी पदपथांवर राहणाऱ्यांना हटवून त्यांच्या मूळ गावी धाडण्याचा निर्णय जाहीर केला. त्याविरुद्धच्या याचिकांवर, म्हणजेच ओल्गा टेलिस यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने १० जुलै १९८५ रोजी निकाल दिला. सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड यांनी लिहिलेल्या या निकालाने घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्कात उपजीविकेच्या हक्काचा अंतर्भाव केला. मनुष्य पदपथावर हौसेने संसार मांडत नाही. काम जेथे मिळते तेथून दूर राहणे त्याला परवडत नाही. दूरच्या वस्तीतून येण्याजाण्यात मजुरीचा मोठा हिस्सा आणि दिवसाचे काही तास खर्ची पडतात, आणि म्हणून निवारा मोडला की रोजगारही मोडतो. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही उमजणारी ही गोष्ट घटनेच्या भाषेत प्रथमच एवढ्या स्पष्टपणे मांडली गेली.

परंतु त्याच निकालाचा उत्तरार्ध वेगळा आहे. अतिक्रमणे नोटिशीविना हटविण्याचा अधिकार आयुक्तांना देणारे १८८८ च्या महापालिका कायद्यातील ३१४ वे कलम न्यायालयाने वैध ठरविले; सामान्यतः नोटीस दिली पाहिजे, एवढी पुस्ती त्यास जोडली. १९७६ च्या गणनेत ज्यांची नोंद झाली होती त्यांना पर्यायी जागा देण्यास सांगितले. इतरांच्या बाबतीत पर्यायी जागा ही हटविण्याची पूर्वअट मानली नाही. पदपथवासीयांना ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत, म्हणजे पावसाळा संपून महिना उलटेपर्यंत, हात लावू नये असा आदेश झाला. तत्त्वात कमालीची सक्रियता आणि उपायात कमालीचा संयम! हक्क मिळाला, पण त्यासाठी कोणाच्याही अंदाजपत्रकात तरतूद झाली नाही. न्यायालयाने घरे बांधून देण्याचा हुकूम सोडावयास हवा होता, असे अर्थातच नव्हे. महापालिकेचा पैसा रस्त्यांवर खर्चावा की घरांवर, हे मतदारांनी निवडून दिलेल्यांनीच ठरवावयाचे असते. पण या संयमाचा खर्च न्यायालयाच्या किंवा सरकारच्या खाती पडला नाही, तो पदपथावरच्या कुटुंबांनी भरला, हेही तितकेच खरे.

संयमाची याहून जबर किंमत देशाने त्यापूर्वी मोजली होती. आणीबाणीत स्थानबद्धांना न्यायालयात दाद मागता येते, असे नऊ उच्च न्यायालयांनी म्हटले असता सर्वोच्च न्यायालयाने २८ एप्रिल १९७६ रोजी चार विरुद्ध एक मताने ते दार बंद केले. बहुमतात न्या. चंद्रचूड होते, पुढे जनहित याचिकेचे प्रवर्तक ठरलेले न्या. भगवती होते, विरोधी मत एकट्या न्या. खन्ना यांचे. त्यांना डावलून पुढच्याच वर्षी सरन्यायाधीशपद दुसऱ्यास देण्यात आले. तो निकाल २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने रद्दबातल ठरविला, आणि त्यातील बहुमताची मते गंभीरपणे सदोष असल्याचे लिहिणारे न्यायमूर्ती चंद्रचूडांचेच पुत्र होते. सत्य निर्विवाद झाले ते एकेचाळीस वर्षांनी. तुरुंगातले दिवस कोणी परत केले नाहीत.

मग सक्रियताच बरी म्हणावी काय? महामार्गांवरील मद्यविक्रीचा आदेश पाहावा. रस्त्यावरील अपघातांत होणारे मृत्यू पाहता हेतूबद्दल शंका नव्हती. १५ डिसेंबर २०१६ रोजी न्यायालयाने महामार्गापासून ५०० मीटरच्या आत मद्यविक्रीस मनाई केली. ३१ मार्च २०१७ रोजी वीस हजारांपर्यंत लोकवस्तीच्या गावी ते अंतर २२० मीटरवर आणले, आणि जुलैमध्ये महापालिका-नगरपालिकांच्या हद्दीतील परवानाधारकांना ही मनाई लागू नसल्याचा खुलासा केला. सात महिन्यांत तीन मापे! दरम्यान कोठे राज्यांनी महामार्गांचा दर्जाच काढून घेतला, तर कोठे दुकानदारांनी प्रवेशद्वार फिरवून अंतर वाढविले. मालकाला मार्ग सापडला. बंद झालेल्या हॉटेलातील वेटर आणि आचारी यांच्यापुढे १९८५ साली मान्य झालेल्या उपजीविकेच्या हक्काचाच प्रश्न उभा राहिला. मीटर मोजणे हे धोरणाचे काम आहे. ते अधिकाऱ्याने चुकविले तर मंत्र्यास जाब विचारता येतो. न्यायालयाने चुकविले तर विचारावयाचा कोणाला?

याउलट नोकरीच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविषयी १९९७ मध्ये विशाखा खटल्यात घालून दिलेली मार्गदर्शक तत्त्वे. तेथे कायदाच नव्हता, आणि संसदेने तो करेपर्यंतच ही तत्त्वे लागू राहतील असे न्यायालयाने स्वतः सांगितले. संसदेला त्यासाठी २०१३ उजाडले, हा दोष न्यायालयाचा नव्हे. तात्पुरती सोय झाली म्हणून कायमची टाळण्याची सवय विधिमंडळांना लागते, ही तक्रार मात्र खोटी नाही.

धोरणाला हात घालणारा आदेश देण्यापूर्वी त्याचा खर्च किती, आणि बाधित होणारे किती, याचे प्रतिज्ञापत्र संबंधित खात्याकडून मागविणे न्यायालयास अशक्य नाही. हस्तक्षेप नाकारतानाही तेच करता येईल. पदपथवासीयांच्या खटल्यात न्यायालयाने सामाजिक पाहण्यांचे अहवाल विचारात घेतले होतेच. ही माणसे गावाकडून शहरात का येतात, हे त्यांतूनच न्यायालयास कळले होते.