चेडवाक बापयांत खेळू द्या

मुलींना बुद्धिबळाची गोडी लावायची तर ‘द क्वीन्स गॅम्बिट’ दाखवा, असं सुचवणारे बरेच भेटतात. २०२० साली आलेली ही सात भागांची मालिका देखणी आहे. पटावरचे डावही अस्सल. सल्लागार गॅरी कास्पारोव्ह असल्यावर ते तसे असणारच. आक्षेप कथेवर आहे. अनाथ बेथ हार्मन गुंगीच्या गोळ्या घेते, तिला छतावर सोंगट्या हलताना दिसतात आणि पुरुष हरत जातात. हरलेले पुढे तिचेच मदतनीस होतात! खरे पुरुष इतके सौजन्याने वागत नाहीत, हे बुद्धिबळपटू ज्युडित पोल्गारनेही बोलून दाखवलं.

‘कल्पित गोष्ट आहे, सोडून द्या.’ सोडलं असतं. पण शेवटच्या भागात जॉर्जियाची खरी बुद्धिबळपटू नोना गाप्रिंदाश्विली हिचं नाव घेऊन ती पुरुषांशी कधी खेळलीच नाही, असं सांगितलंय. १९६८ पर्यंत आपण किमान ५९ पुरुषांशी खेळलो होतो, असं म्हणत नोनाने खटला भरला. २०२२ मध्ये तडजोड झाली. नायिका एकमेव ठरावी म्हणून खरी बाई पुसायची, हा कुठला न्याय?

त्यापेक्षा गिरगावातली गोष्ट सांगा. ‘नवाकाळ’चे संपादक नीळकंठ खाडिलकर यांच्या मुली वासंती, जयश्री आणि रोहिणी. महिलांची राष्ट्रीय स्पर्धा १९७४ मध्ये सुरू झाली आणि पहिली दहा वर्षं विजेतेपद या घराबाहेर गेलं नाही. १९७६ मध्ये १३ वर्षांची रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली, तेव्हा गदारोळ उठला. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. स्त्रियांना अशा स्पर्धांत मज्जाव करता येणार नाही, असं अखेर जागतिक महासंघाचे अध्यक्ष मॅक्स युवे यांना जाहीर करावं लागलं. या गोष्टीत गोळ्या नाहीत. घरातच तोलामोलाच्या प्रतिस्पर्धी आहेत.

नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ मध्ये महिला विश्वचषक जिंकला, तोही नोनाच्या जॉर्जियात. त्याआधी दीड वर्ष, लोक खेळ सोडून माझे केस, कपडे, उच्चार बघतात, अशी तक्रार तिने केली होती. मालिकेचा कॅमेरा तरी वेगळं काय करतो?

आमच्या मालवणकडे ‘चेडवाक बापयांत कित्याक खेळवतास?’ म्हणजे मुलीला पुरुषांत का खेळवता, असं विचारणारे आहेत. खेळवायचं, कारण स्वतःपेक्षा भारी खेळाडू समोर बसल्याशिवाय खेळ वाढत नाही. देवबागच्या मुलीला गणपतीतल्या स्पर्धेत खुल्या गटातच उतरवा. सोबत बहीण नाहीतर मैत्रीण द्या. मग करूळ घाट चढून कोल्हापूर-सांगलीच्या स्पर्धांना न्या. सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांनी वर्षानुवर्षं स्पर्धा भरवल्या, बुद्धिबळपटू भाग्यश्री साठे त्याच गावची. आणि गावातल्या एखाद्या काकांना तिच्याकडून मात खावी लागली, ते पट आवरून फुणफुणत निघाले, तर जाऊ देत.