भिंतीवरील अक्षरें वर्गांत

यंदा चित्रकलेच्या तासास आम्हीं इयत्ता नववीच्या विद्यार्थ्यांस ‘ग्राफिटी’ पद्धतीचीं अक्षरें काढावयास शिकविलीं, तेव्हां एका सुज्ञ पालकांनीं विचारिलें, “मास्तर, मुलांस भिंती खराब करण्याचें शिक्षण देतां काय?” प्रश्न रास्त आहे, त्याचें उत्तर देणें आमचें कर्तव्य होय.

१९७० नंतरच्या दशकांत न्यूयॉर्क शहरीं भुयारी रेल्वेच्या डब्यांवर हीं अक्षरें बोकाळलीं. तीं बहुधा अनुज्ञेवांचून काढिलीं जात, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. परंतु त्यांतील जें घनाकार अक्षर मुलांचें चित्त वेधतें, तें यथादर्शनाच्या नियमांवर उभें आहे. आणि ते नियम इटलींतील अल्बेर्ती या पंडितानें १४३५ सालींच ग्रंथांत मांडिले होते.

कृति पाहा. प्रथम सारख्या जाडीचीं अक्षरें फिकट रेषांनीं आखावीं. मग शब्दाच्या खालीं एक बिंदु घेऊन प्रत्येक कोपऱ्यापासून त्याकडे रेषा न्यावी. जी अक्षराच्या आड जाईल ती सोडून द्यावी. शेवटीं समोरच्या कडांस समांतर कडा काढून खोली पुरी करावी. देवनागरींत तर शिरोरेषेचा खालचा पृष्ठभागही अक्षरांमधून डोकावूं लागतो. एक कोपरा जरी भलत्या बिंदूकडे वळला, तरी सबंध शब्द लंगडा दिसतो. मास्तरांनीं चूक दाखविण्याची गरजच उरत नाहीं.

वर्गांतील एक मुलगा कर्कटकानें बाकावर आपलें नांव कोरीत असे. त्यानेंच तें नांव कागदावर तीन वेळां पुसून चौथ्यांदा बिनचूक काढिलें. तो अगदीं सुधारला, असें मी म्हणणार नाहीं. परंतु आपलें नांव पाहण्याजोगें व्हावयास श्रम पडतात, हें त्यास उमगलें.

कोणी ही विद्या परक्या भिंतीवर चालवील, ही भीति खोटी नाहीं. म्हणून पहिल्याच तासास आम्ही सांगतों, कीं भिंत ज्याची, अनुज्ञा त्याची. महाराष्ट्रांत मालमत्तेच्या विद्रूपणास मनाई करणारा १९९५ चा कायदाही आहे. पण मुलें हीं अक्षरें आपण न शिकवितांही पाहतात व गिरवितात. त्यांस नियमावांचून गिरवूं देण्यापेक्षां नियमासह शिकविणें बरें.

पालकांस विनंति एवढीच, कीं घरीं मूल असें अक्षर काढीत बसलें, तर “हें काय आरंभिलेंस?” असें न म्हणतां, “तुझा बिंदु कोठें आहे?” असें विचारावें.